कान टोचणारा सल्ला: जुन्या चिनी म्हणी काय सांगतात आणि उंबरखिंडीत त्या कशा खऱ्या ठरल्या?

खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलं की वाटेत चावणी गावाकडे जाणारा फाटा येतो. आत अंबा नदीच्या काठी उंबरखिंडीचं स्मारक आहे. दरवर्षी २ फेब्रुवारीला इथे शिवप्रेमींची गर्दी होते, कारण १६६१ साली याच तारखेला शिवाजी महाराजांनी इथल्या जंगलात मुघलांची अख्खी फौज कोंडीत पकडली होती.

लढाईची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. शाहिस्तेखान तेव्हा पुण्यात तळ ठोकून होता. त्याने कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला कोकणात उतरायला पाठवलं. खान घाटमाथ्यावरून कुरवंड्याच्या बाजूने खाली उतरला. वाट चिंचोळी, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये दाट झाडी. मावळ्यांनी फौज पूर्ण आत येऊ दिली आणि मग पुढची-मागची तोंडं बंद केली. वरून बाण आणि दगडधोंडे येऊ लागले. फौजेला पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, प्यायला पाणी मिळेना.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्या फौजेत पुढच्या काही घटकांत जे झालं, ते जरा कमी सांगितलं जातं.

खानासोबत रायबागन होती. मूळ नाव सावित्रीबाई, माहूरच्या देशमुख घराण्यातली. 'रायबागन' म्हणजे राजवाघीण, हा तिला मिळालेला किताब. मुघलांच्या बाजूने लढणारी ही मराठी बाई. शिवरायांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंदांनी लिहिलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग आला आहे. फौज अडकल्यावर रायबागनने सेनापतीला तोंडावर सांगितलं, की या रानात फौज आणलीस हीच चूक झाली, हे रान त्यांचं आहे, आता शौर्य दाखवायला जाशील तर सगळे मरतील, तेव्हा दूत पाठव आणि शरण जा.

सेनापतीला, तेही सगळ्या सरदारांसमोर, एका बाईने हे सांगावं! खानाने ते ऐकलं. दूत गेला, अभय मिळालं. खजिना, हत्यारं, घोडे, सगळं तिथेच टाकून मुघल फौज जीव घेऊन परत गेली.

परमानंद जिंकलेल्या बाजूचा कवी. त्यामुळे रायबागनच्या तोंडचे शब्द किती तिचे आणि किती कवीचे, हा प्रश्न विचारायला जागा आहे. पण मला यातली गंमत वेगळीच वाटते. जिंकणाऱ्याच्या कवीने त्या प्रसंगातलं सर्वांत शहाणं बोलणं शत्रूच्या छावणीतल्या बाईला दिलंय.

आता चीनकडे वळू. रायबागनने जे केलं, त्याच्यासाठी चिनी भाषेत एक म्हण आहे आणि ती जवळपास बावीसशे वर्षं वापरात आहे.

औषध कडू, बोलणं कडू

म्हणीचा अर्थ असा. चांगलं औषध जिभेला कडू लागतं पण रोगाला बरं करतं, आणि प्रामाणिक बोलणं कानाला खुपतं पण वागणं सुधारतं. आजही चिनी माणूस बोलताना यातले चारच शब्द उच्चारतो: 'चुंग येन नी अर'. 'चुंग' म्हणजे निष्ठा, 'येन' म्हणजे बोलणं, 'नी' म्हणजे प्रवाहाच्या उलट जाणं आणि 'अर' म्हणजे कान. म्हणजे कानात उलट्या दिशेने शिरणारं निष्ठेचं बोलणं.

यातल्या 'चुंग' या अक्षराची रचना बघण्यासारखी आहे. वर 'मध्य' हे चिन्ह, खाली 'हृदय'. मन मधोमध, इकडे-तिकडे न कललेलं. त्यामुळे इथली निष्ठा म्हणजे मान डोलावणं असा अर्थ निघत नाही. साहेब जे म्हणतील त्याला 'हो साहेब' म्हणणारा या शब्दात बसतच नाही.

ही म्हण ज्या प्रसंगामुळे गाजली, तो इसवी सनापूर्वी २०६ मधला आहे. चीनमध्ये छिन घराण्याची सत्ता कोसळत होती. लिऊ बांग नावाचा एक बंडखोर नेता आपली फौज घेऊन राजधानी श्येनयांगमध्ये शिरला. हा काही खानदानी राजा नव्हता, गावपातळीवरचा साधा अंमलदार होता. समोर काय, तर राजवाडा, पडदे, उंची घोडे, जडजवाहीर आणि शेकडो स्त्रिया. लिऊ बांगने ठरवलं, आता मुक्काम इथेच.

त्याचा जुना सोबती फान क्वाई त्याला म्हणाला, बाहेर पडा. हा फान क्वाई आधी कुत्री कापून मांस विकणारा खाटीक होता. लिऊ बांगने त्याचं ऐकलं नाही. मग चांग ल्यांग हा सल्लागार पुढे आला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की छिन राजे ज्या चैनीमुळे बुडाले तीच चैन तुम्ही पहिल्या दिवशी सुरू केली, तर लोकांनी तुमच्या बाजूने का यावं? आणि मग त्याने औषधाची ही म्हण ऐकवून फान क्वाईचं ऐका म्हणून सांगितलं. लिऊ बांग राजवाड्यातून उठला आणि फौज घेऊन शहराबाहेरच्या तळावर परतला. चार वर्षांनी, इसवी सनापूर्वी २०२ मध्ये, तो सम्राट झाला. त्याने सुरू केलेलं हान घराणं मधल्या एका छोट्या खंडासह चारशे वर्षं टिकलं, आणि चीनमधले बहुसंख्य लोक आजही स्वतःला 'हान' म्हणवतात.

इथे एक बारीक गोष्ट सुटता कामा नये. सल्ला दोघांनी दिला आणि तो एकच होता. खाटकाचा ऐकला गेला नाही, शिकलेल्या, घरंदाज माणसाचा ऐकला गेला. आपल्याकडे याच्यासाठी म्हण तयार आहे: सोनारानेच कान टोचावेत.

आपल्याकडेही प्रकरण कानाचंच

मराठीत खऱ्या-खोट्या सल्ल्याचे किती शब्द कानाभोवती फिरतात ते मोजून बघा. चुकलेल्याला स्पष्ट बोलणं म्हणजे कानउघाडणी. कोणाविरुद्ध विष कालवणं म्हणजे कान भरणं किंवा कान फुंकणं. ऐकून दुर्लक्ष करणं म्हणजे कानाआड करणं. चुगल्यांवर पटकन विश्वास ठेवणारा तो हलक्या कानाचा. चिनी म्हणीत खरं बोलणं कानात उलटं शिरतं आणि आपल्याकडे त्याच बोलण्याने कान उघडतो. दोन्ही भाषांनी दुखणं अचूक एकाच जागी दाखवलंय.

कडूपणाही आपल्याला नवा नाही. गुढीपाडव्याला, म्हणजे वर्षाच्या पहिल्याच दिवशी, आपण श्रीखंडाच्या आधी कडुनिंबाची पानं खातो. गूळ, जिरं, ओवा, चिंच घालून त्याची चटणी करतात, म्हणजे ती घशाखाली जावी. जुन्या चिनी दरबारातल्या हुशार सल्लागारांनी हेच केलं. कडू बोलण्यात गोष्टीचा गूळ घातला.

पण ऐकणाऱ्याने ऐकायचं कोणाचं?

औषधाची ही उपमा चांग ल्यांगच्याही आधीची आहे. इसवी सनापूर्वी २३३ मध्ये मरण पावलेल्या हान फेई या विचारवंताच्या ग्रंथात ती सापडते. तिथे भर पडते ती पिणाऱ्याबद्दल. औषध कडू असतं हे सगळ्यांनाच कळतं, पण शहाणा ते मनाला समजावून पितो, आणि जाणता राजा खुपणारं बोलणं ऐकून घेतो, असं हान फेईचं म्हणणं. म्हणजे अर्धी म्हण सल्ला देणाऱ्याबद्दल आहे आणि अर्धी घेणाऱ्याबद्दल. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या चित्रांमध्ये पहिली अर्धी येते आणि दुसरी गळते. मग काय होतं, तर प्रत्येक फटकळ माणूस स्वतःला औषध समजायला लागतो.

हान फेई याच्याही पुढे गेला. सल्ला देणं इतकं अवघड का, यावर त्याने एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यात एक छोटी गोष्ट आहे.

सुंग नावाच्या राज्यात एक श्रीमंत माणूस होता. पावसात त्याच्या घराची भिंत पडली. मुलगा म्हणाला, भिंत बांधून घ्या, नाहीतर चोर येतील. शेजारचा म्हातारा पण तेच म्हणाला. त्याच रात्री खरोखर चोरी झाली. घरातल्यांनी काय निष्कर्ष काढला? आपला मुलगा किती हुशार! आणि शेजाऱ्यावर संशय.

दोघांचे शब्द सारखे आणि दोघांचाही सल्ला बरोबर. फरक होता तो नात्याचा. हान फेईचा मुद्दा असा, की खरं काय ते कळणं अवघड नसतं, पण कळलेलं कोणी कोणाला आणि कसं सांगायचं, तिथे सगळं अडतं.

कर्जत-खालापूर पट्ट्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट परदेशी वाटणार नाही. गेल्या काही वर्षांत इथे फार्महाऊस, सेकंड होम आणि प्लॉटिंगसाठी किती जमीन विकली गेली, ते रस्त्याकडेच्या होर्डिंगवरूनच कळतं. अशा व्यवहाराच्या वेळी घरात काय होतं? एजंट गोड बोलतो, चहा पाजतो, विसाराची रक्कम टेबलावर ठेवतो. आणि भावकीतला एखादा काका म्हणतो, "अरे, सातबारा नीट बघून घे. वहिवाटीचा रस्ता कागदावर आहे का ते विचार. सगळी एकदम विकू नकोस." घरी चर्चा काय होते? याचा त्या जमिनीवर डोळा आहे. याच्या पोटात दुखतंय.

कधी कधी खरंच डोळा असतोही. म्हणून तर हान फेईची गोष्ट अवघड आहे. शेजारी साधा असेलच याची खात्री ती देत नाही. ती एवढंच दाखवते की घरच्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही. बोलणारा कोण आहे, याची चौकशी झाली. बोललेलं खरं आहे का, याची झाली नाही. काकाच्या पोटात दुखत असेल किंवा नसेल, पण रस्ता कागदावर आहे की नाही हे तलाठ्याकडे जाऊन तपासता येतं.

खरं बोलणाऱ्याचं पुढे काय झालं?

हान फेईने एवढं सगळं लिहूनही तो स्वतः वाचला नाही. छिनच्या राजाला त्याचं लिखाण आवडलं होतं, पण दरबारातल्या ली स या मंत्र्याने राजाचे कान भरले. हान फेईला कैद झाली आणि तिथेच त्याला विष घ्यावं लागलं.

चांग ल्यांगचा प्रसंग ज्याने लिहून ठेवला, त्या सिमा छिएन या इतिहासकाराचं तर आणखी वाईट झालं. इसवी सनापूर्वी ९९ मध्ये ली लिंग नावाचा सेनापती उत्तरेच्या टोळ्यांशी लढता लढता हरला आणि शरण गेला. सम्राट वू संतापला. दरबारातले सगळे लगेच ली लिंगला शिव्या घालू लागले. सिमा छिएनची आणि त्याची काही खास दोस्ती नव्हती. तरी सम्राटाने विचारल्यावर त्याने सांगितलं, की हा माणूस प्रामाणिक आहे आणि थोड्या सैन्यानिशी तो शक्य तितका लढला. सम्राटाला हे बोलणं उलटं लागलं. सिमा छिएनला मृत्युदंडाऐवजी खच्चीकरणाची शिक्षा भोगावी लागली. त्या काळच्या मोठ्या माणसाने या अपमानापेक्षा आत्महत्या पत्करली असती. तो जगला, कारण वडिलांनी सोपवलेला इतिहास अर्धा राहिला होता. कडू औषधाची म्हण ज्या इतिहासामुळे जगाला माहीत झाली, तो इतिहास अशा माणसाने पुरा केलाय.

यावरून बोरघाटातल्या शिंग्रोबाची आठवण येते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीहून वर चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले आजही तिथे थांबतात, निदान हात तरी जोडतात. सांगतात ते असं, की इंग्रजांना घाटातून वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांची नेहमीची वाट दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. आणि त्याला गोळी घालण्यात आली. ही लोककथा आहे, सरकारी दप्तरातली नोंद नव्हे. पण वाट बरोबर दाखवणाऱ्याला काय मिळालं, याची आठवण या घाटाने देऊळ बांधून ठेवली आहे.

ज्याने ऐकलं, त्याची गोष्ट

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत. चीनमध्ये खऱ्या सल्ल्याचा विषय निघाला की एक जोडी हटकून आठवते: थांग घराण्याचा सम्राट थायत्सुंग आणि त्याचा मंत्री वेई चंग.

वेई चंग आधी थायत्सुंगच्या शत्रूच्या, म्हणजे त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाच्या नोकरीत होता. तिथे तो काय सल्ला द्यायचा? या धाकट्याचा वेळीच बंदोबस्त करा. इसवी सन ६२६ मध्ये धाकट्यानेच मोठ्याला मारलं आणि गादी घेतली. वेई चंगला समोर उभं करून जाब विचारला, तेव्हा हा म्हणाला की युवराजांनी माझं ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती. मान उडायची ती उडाली नाही. थायत्सुंगने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. शत्रूला जो खरं सांगत होता तो आपल्यालाही खरंच सांगेल, असा त्यामागचा हिशोब असावा.

मग पुढची सतरा वर्षं वेई चंगने सम्राटाला सुखाने बसू दिलं नाही. एक किस्सा मला फार आवडतो. सम्राट एकदा हातावर बहिरी ससाणा घेऊन खेळत होता. लांबून वेई चंग येताना दिसला. राज्यकारभार सोडून खेळतोय म्हणून हा बोलणार, या भीतीने सम्राटाने पक्षी अंगरख्यात लपवला. वेई चंगने ते बघितलं होतं. त्याने मुद्दाम आपलं कामकाज लांबवत नेलं. तो गेला तोवर आतला पक्षी गुदमरून मेला होता. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी आणि खिशात खेळणं लपवणाऱ्या शाळकरी पोरासारखा!

दुसरा किस्सा राणीचा. एकदा सम्राट दरबारातून रागाने लाल होऊन आला आणि म्हणाला, त्या खेडवळाला मी मारूनच टाकणार. राणी काही न बोलता आत गेली आणि समारंभाचा पोशाख घालून आली. हे काय, असं विचारल्यावर म्हणाली, की राजा जाणता असेल तरच मंत्री स्पष्ट बोलतो, वेई चंग स्पष्ट बोलतोय म्हणजे तुम्ही जाणते आहात, मग मी अभिनंदन नको करू? कडुनिंबात गूळ कसा घालायचा, ते हिच्याकडून शिकावं.

६४३ मध्ये वेई चंग गेला, तेव्हा सम्राट म्हणाला की मी एक आरसा गमावला. तांब्याच्या आरशात कपडे नीट करता येतात, इतिहासाच्या आरशात राज्यांचे चढउतार दिसतात आणि माणसाच्या आरशात आपल्या चुका, असा त्याचा भाव होता. चिनी भाषेत ही तीन आरशांची गोष्ट आता म्हणीसारखीच झाली आहे.

बहुतेक लेख इथे थांबतात. पण नंतर दरबारात वेई चंगविरुद्ध कुजबुज झाली आणि याच सम्राटाने त्याच्या थडग्यावरचा शिलालेख पाडायला लावला. ६४५ मध्ये कोरियावरची मोहीम फसली. तेव्हा त्याला वाटलं की वेई चंग असता तर मला जाऊ दिलं नसतं, आणि शिलालेख पुन्हा उभा राहिला. खरं ऐकणं ही एकदा अंगी बाणली की कायमची टिकणारी सवय नव्हे, हे थायत्सुंगच्या या वागण्यातून दिसतं.

एकच रामशास्त्री, दोन पेशवे

मराठी इतिहासात या विषयाचं नाव म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे आणि पेशवाईतले मुख्य न्यायाधीश.

थोरले माधवराव तरुणपणी जपजाप्यात फार वेळ घालवायला लागले होते. एकदा शास्त्रीबुवा कामासाठी आले, तर पेशवे ध्यानात. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी आपली बाजू मांडली, तेव्हा शास्त्रीबुवांनी स्पष्ट सांगितलं की तुम्ही राज्य करण्याचं काम पत्करलंय, प्रजेकडे लक्ष द्यायचं नसेल तर गादी सोडा आणि खुशाल स्नानसंध्या करा. माधवरावांनी ऐकलं. त्यांच्या कारकिर्दीतल्या कारभाराचं आजही कौतुक होतं.

मग ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली. काका रघुनाथराव दोषी असल्याचं त्यांचं मत झालं आणि प्रायश्चित्त काय असं विचारल्यावर त्यांनी देहान्त सांगितला. रघुनाथराव तेव्हा पुण्यातले सर्वांत ताकदवान गृहस्थ होते. त्यांनी अर्थातच ऐकलं नाही. रामशास्त्र्यांनी पद सोडलं आणि ते वाईजवळच्या एका गावी जाऊन राहिले.

सल्लागार तोच आणि त्याचा स्पष्टपणाही तोच. एका वेळी कारभार सुधारला, दुसऱ्या वेळी न्यायाधीशालाच पुणं सोडावं लागलं. चिनी परंपरेतही हाच शिरस्ता होता. राजाला सांगून बघायचं, पुन्हा सांगायचं, नाहीच ऐकलं तर पद सोडून गावी जायचं. कन्फ्यूशियसने स्वतः लू या आपल्या राज्यातली नोकरी अशीच सोडली होती.

चढण आणि दरड

आता सद्गुणाबद्दलच्या दोन म्हणी. दोन्ही छोट्या आहेत, पण खऱ्या सल्ल्याचा पाया त्यांच्यात आहे.

सद्गुणासाठी चिनी शब्द आहे 'त'. त्या अक्षराची पारंपरिक फोड करतात ती अशी: एका बाजूला चालण्याची खूण, दुसऱ्या बाजूला 'सरळ', त्याखाली 'हृदय'. सरळ मनाने चालणं. म्हणजे सद्गुण ही मनात जपून ठेवायची वस्तू नसून पायाने करायचं काम आहे.

पहिली म्हण चालण्याचीच आहे. चांगल्याच्या मागे जाणं म्हणजे चढण चढणं आणि वाईटाच्या मागे जाणं म्हणजे डोंगर कोसळणं. 'राज्यांची भाषणं' अशा अर्थाच्या नावाच्या एका प्राचीन ग्रंथात ही येते आणि तिथेही ती आधीपासून चालत आलेली म्हण म्हणूनच सांगितली आहे. म्हणजे ती किती जुनी असेल बघा.

खोपोलीकरांना ही समजवायची गरज नाही. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि इथेच अडकली. वरचा बोरघाट चढून रेल्वे पुण्याकडे जायला १८६३ साल उजाडलं. आजही कर्जतला गाडी थांबते आणि मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात. सगळ्यात तीव्र चढावर सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर जाते. फक्त एवढाच चढ आणि त्यासाठी एवढा खटाटोप. उतरताना मात्र इंजिनाची चिंता नसते, चिंता ब्रेकची असते. घाटात ट्रकवाल्यांनी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये म्हणून पाट्या लावाव्या लागतात, कारण डिझेल वाचवायचा मोह होतो आणि सुरुवातीला गाडी छानच पळते.

म्हणीतला कोसळण्याचा शब्द आहे 'पंग'. अक्षराच्या डोक्यावर 'डोंगर' हे चिन्ह आहे, म्हणजे मूळ अर्थ दरड कोसळणं हाच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी गेल्यापासून खालापूर तालुक्यात हा शब्द कोणी सहज उपमा म्हणून वापरत नाही, आणि मीही इथे जपूनच वापरतोय. म्हणीचा रोख माणसाच्या वागण्याकडे आहे, निसर्गाच्या तडाख्यात सापडलेल्यांकडे नाही. तिला सांगायचाय तो वेग. चढायला वर्षं लागतात, खाली यायला एक रात्र पुरते. लिऊ बांग त्या राजवाड्यात एक महिना राहिला असता तर त्याचं काय झालं असतं, ही चांग ल्यांगची भीती नेमकी हीच होती. आणि घाटावरून उतरणं सोपं असल्यामुळेच कारतलबखान उंबरखिंडीपर्यंत पोचला होता.

दुसरी म्हण कन्फ्यूशियसच्या वचनांमधली. सद्गुण एकटा पडत नाही, त्याला शेजारी मिळतातच, असा तिचा अर्थ. वरवर ही दिलासा देणारी, थोडी भाबडीच म्हण वाटते. हान फेई आणि सिमा छिएन यांचं जे झालं ते वाचल्यावर तर जास्तच. मला तिचा अर्थ जरा वेगळा लागतो. खरं बोलणारा माणूस टिकायचा असेल तर त्याच्या शेजारी कोणीतरी उभं राहावं लागतं. फान क्वाई खाटकाचं म्हणणं वाया गेलं असतं, चांग ल्यांग त्याच्या बाजूने बोलला म्हणून ते लागू पडलं. वेई चंगची मान वाचली ती राणीमुळे. तुकोबांनी निंदकाला शेजारी म्हणून मागून घेतलं, तेही या जोडीला वाचून बघावं.

रामशास्त्र्यांना असा शेजारी नंतर मिळाला. रघुनाथरावांना हटवून बारभाईंनी कारभार हातात घेतला आणि नाना फडणवीसांच्या काळात शास्त्रीबुवांना सन्मानाने परत न्यायासनावर बसवण्यात आलं. १७८९ मध्ये वारले तोवर त्यांच्या निःस्पृहतेला कोणी बोट लावू शकलं नाही. नाना स्वतः काही साधेभोळे नव्हते. राजकारणात त्यांनी बरंच काही केलं, त्यातलं सगळंच सरळ म्हणता येणार नाही. पण न्यायासनावर आपल्यालाही खडसावेल असा माणूस त्यांनी बसू दिला.

याच नानांनी घाटाच्या पायथ्याशी वाटसरूंसाठी दगडी पायऱ्यांचं मोठं तळं बांधलं आणि शेजारी महादेवाचं देऊळ. दोन्ही आजही खोपोलीत आहेत. उंबरखिंडीला जाणार असाल तर वाटेतच पडतात.